मानधन शासनाचे, विद्या कोणाची?

जर्मनीतील ओस्नाब्रुक या शहरात २०२१ च्या जून महिन्यात 'इस्लामकोलेग' नावाची संस्था सुरू झाली. मशिदीत नमाज पढविणाऱ्या इमामांना जर्मन भूमीवर आणि जर्मन भाषेत व्यावहारिक शिक्षण द्यावे, हा तिचा हेतू होता. आरंभीचा खर्च चालविण्यास जर्मनीच्या केंद्रीय गृहमंत्रालयाने आणि लोअर सॅक्सनी या राज्याच्या शासनाने अनुदान दिले. ही वार्ता आपल्याकडे पोहोचल्यापासून भोपाळच्या सुशिक्षित बैठकींत एक सूचना वारंवार कानी पडते : मध्य प्रदेश शासनानेही इमामांसाठी असे एक विद्यालय काढावे आणि जमल्यास त्याच आवारात मंदिरांच्या पुजाऱ्यांनाही शिकवावे. याच्या नेमके उलट बोलणारी मंडळीही तितक्याच आवेशाने सांगतात की, धर्माच्या कोणत्याही सेवकाला शासनाने छदामही देऊ नये, मग शिकविण्याची बातच सोडा. हे दोन्ही पक्ष आम्हांस मान्य नाहीत. पहिल्या पक्षाला युरोपातील व्यवस्थेचा पाया ठाऊक नाही आणि दुसऱ्या पक्षाला स्वतःच्या शहराचा इतिहास ठाऊक नाही. हा विषय केवळ मुसलमान समाजाचा आहे असे समजून आपण मराठी मंडळींनी पान उलटू नये. तो आपल्याही देवघरापर्यंत येतो, आणि तो कसा, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम आपल्या शहराचा इतिहास पाहू. नवाब हमीदुल्ला खान यांनी ३० एप्रिल १९४९ रोजी विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि १ जून १९४९ पासून भोपाळ संस्थान केंद्राच्या अखत्यारीत आले. संस्थानी काळात मशिदींची व्यवस्था, काझींचे दारुल कज़ा आणि मुफ्तींचे दारुल इफ्ता ही सर्व दरबारची खाती होती. विलीनीकरणाच्या वेळी या खर्चाची जबाबदारी नव्या शासनाकडे आली, आणि म्हणूनच आजही जुन्या भोपाळ संस्थानाच्या मुलखात, म्हणजे भोपाळ, सीहोर आणि रायसेन या जिल्ह्यांत, मसाजिद कमिटीच्या मार्फत इमाम आणि मुअज्जिन यांना शासकीय अनुदानातून मानधन मिळते. इंदूर किंवा जबलपूरच्या इमामाला ते या करारान्वये मिळत नाही. कोणा एका पक्षाच्या सरकारने मतांसाठी चालू केलेली ही खिरापत नव्हे. ज्या राज्याने संस्थान घेतले, त्याने संस्थानाची मालमत्ता घेतली आणि त्याबरोबर देणीही घेतली. वाड्याचा ताबा घ्यायचा आणि वाड्यावरचे कर्ज नाकारायचे, हा व्यवहार एखाद्या गृहस्थाने केला तर आपण त्याला काय म्हणू?

'आमच्या करातून त्यांच्या इमामांना पगार का?' असे विचारणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. भारतीय संविधानातच २९० क हे कलम आहे. त्रावणकोर आणि कोचीन या संस्थानांशी झालेल्या करारामुळे केरळ राज्याच्या संचित निधीतून त्रावणकोर देवस्वम निधीला दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये, आणि तामिळनाडूच्या संचित निधीतून तेथील देवस्वम निधीला १३ लाख ५० हजार रुपये द्यावेत, असे ते स्पष्ट सांगते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हे कलम आले. तेथे देणे मंदिरांचे आहे, येथे मशिदींचे. तत्त्व एकच, ते म्हणजे संस्थानांना दिलेल्या शब्दाचे पालन.

दुसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. शिंदे आणि होळकर यांच्या मुलखातील देवस्थाने दरबारच्या खर्चाने चालत. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, देवास येथील कितीतरी देवळांचे पुजारी महाराष्ट्रातून बोलावून आणलेले, आणि त्यांची वतने दरबारने दिलेली. संस्थाने विलीन होऊन मध्य भारत राज्य झाले आणि पुढे १९५६ मध्ये नवा मध्य प्रदेश झाला, तेव्हा ही देवस्थाने 'शासन संधारित मंदिरे' या नावाने शासनाकडे आली. महसुली कागदांत देवाच्या नावापुढे 'व्यवस्थापक कलेक्टर' असे लिहिले जाऊ लागले. शासकीय सेवेत ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या हाताखालून अशा नस्त्या असंख्य वेळा गेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशाच्याच एका प्रकरणात निर्णय दिला की देवस्थानाच्या जमिनीचा मालक देवच असून पुजारी हा केवळ त्याच्या वतीने व्यवस्था पाहणारा आहे. तसेच जे मंदिर शासनाकडे निहित झालेले नाही, त्याच्या जमिनीवर व्यवस्थापक म्हणून कलेक्टरचे नाव लावता येणार नाही. तात्पर्य, शासन येथे इमामालाही देते आणि पुजाऱ्यालाही देते. एकाचे दिसते आणि दुसऱ्याचे दिसत नाही, हा दृष्टीचा दोष आहे, हिशेबाचा नव्हे.

आता युरोपकडे वळू. जर्मनीत शासन आणि चर्च यांच्यात आपल्याला वाटते तशी भिंत नाही. १९१९ च्या वायमार संविधानातील धर्मविषयक कलमे १९४९ च्या मूलभूत कायद्याने तशीच पुढे चालू ठेवली. त्यानुसार मोठी चर्चे ही सार्वजनिक कायद्याखालील मंडळे आहेत. त्यांच्या सभासदांकडून चर्चचा कर शासनाची यंत्रणा वसूल करून देते. शासकीय विद्यापीठांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट धर्मशास्त्राच्या विद्याशाखा आहेत, आणि तेथील प्राध्यापकाची नेमणूक शासन करीत असले तरी चर्चच्या संमतीवाचून ती होत नाही. म्हणजे 'शिक्षण शासनाच्या पैशाने, पण सिद्धान्त चर्चचा' असा तो दोघांमधला करार आहे. पाद्री तयार करण्याची ही रीत तेथे शतकांची आहे.

या चौकटीत मुसलमानांना बसवायचे ठरले तेव्हा पहिली अडचण आली ती ही की इस्लाममध्ये पोप नाही, बिशप नाही, सभासदांची नोंदवही नाही. करार करायचा तरी कोणाशी? जर्मनीच्या विज्ञान परिषदेने २०१० मध्ये शिफारस केल्यावर ट्युबिंगेन, म्युन्स्टर, ओस्नाब्रुक आदी विद्यापीठांत इस्लामी धर्मशास्त्राची केंद्रे निघाली आणि मुस्लिम संघटनांच्या प्रतिनिधींची सल्लागार मंडळे त्यांना जोडली गेली. पण त्यापूर्वीच म्युन्स्टरमध्ये ठेच लागली होती. तेथील इस्लामविषयक अध्यासनाचे प्राध्यापक मुहम्मद स्वेन कालिश यांनी २००८ मध्ये पैगंबरांच्या ऐतिहासिक अस्तित्वाविषयीच शंका प्रकट केली, तेव्हा मुस्लिम संघटनांच्या समन्वय परिषदेने त्या अध्यासनाला दिलेले सहकार्य काढून घेतले. विद्यापीठाच्या दृष्टीने तो संशोधकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता. मशिदीच्या दृष्टीने प्रश्न वेगळा होता : ज्याला मूळ श्रद्धाच मान्य नाही, त्याने आमच्या मुलांचे शिक्षक का तयार करावेत? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, आणि म्हणूनच ही गाठ शासनाच्या आज्ञेने सुटण्यासारखी नव्हती.

दुसरी अडचण पैशाची. जर्मनीतील शेकडो मशिदी 'दितिब' या तुर्की वंशीयांच्या संघटनेच्या आहेत. त्यांचे इमाम वर्षानुवर्षे तुर्कस्तानच्या धर्मखात्याने नेमून आणि पगार देऊन पाठविले. असा फुकटचा इमाम मिळत असता विद्यापीठातून पदवी घेतलेल्या तरुणाला पगार देऊन कोण नेमणार? लहान मशिदींची तर तेवढी ऐपतच नसते. परिणामी धर्मशास्त्राचे पदवीधर शाळेत शिक्षक झाले, समाजसेवेच्या कामाला लागले, पण मिंबरवर फारसे पोहोचले नाहीत. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी बोलणी करून ठरविले की परदेशातून इमाम पाठविणे टप्प्याटप्प्याने बंद करावे आणि दरवर्षी १०० इमाम जर्मनीतच तयार करावेत. ऑस्ट्रियाने आणखी कडक मार्ग धरला. बोस्निया ताब्यात आल्यावर हॅब्सबर्ग राजवटीने १९१२ मध्येच इस्लामला कायद्याने मान्यता दिली होती. २०१५ मध्ये तो कायदा नव्याने करून परदेशी पैशावर मशिदी चालविण्यास मनाई केली आणि व्हिएन्ना विद्यापीठात इस्लामी धर्मशास्त्राच्या शिक्षणाची तरतूद केली.

फ्रान्सचे उदाहरण तर भोपाळकरांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १९०५ च्या कायद्याने फ्रेंच प्रजासत्ताक कोणत्याही पंथाला मान्यता देत नाही, पगार देत नाही, अनुदान देत नाही. परंतु अल्सास आणि मोझेल हा मुलूख १९०५ मध्ये जर्मनीकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर तो परत आला तेव्हा तेथील जुनी व्यवस्था कायम ठेवण्यात आली. म्हणून आजही त्या भागात कॅथलिक, ल्यूथरन, रिफॉर्म्ड आणि यहुदी धर्मगुरूंना फ्रेंच शासन पगार देते. जे पॅरिसमध्ये बेकायदा, ते स्ट्रासबुर्गमध्ये कायदेशीर! विचारांच्या दृष्टीने ही विसंगती खरी, पण इतिहासाच्या दृष्टीने ती शब्द पाळल्याची खूण आहे. भोपाळ, सीहोर आणि रायसेन हे मध्य प्रदेशाचे अल्सास-मोझेल आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या सर्वांतून कोणता बोध घ्यावा? जर्मनीने शिक्षणाची सोय केली, पण शिकलेल्याच्या पोटाची सोय केली नाही. भोपाळमध्ये पोटाची थोडीबहुत सोय आहे, पण शिक्षणाशी शासनाचा काही संबंध नाही. मानधन देताना शासन हजेरी पाहते, सही पाहते, बँकेचे खाते पाहते. ज्याला ते देतो तो काय शिकला, कोठे शिकला, त्याला कोणी पारखले, हा प्रश्न नस्तीत येत नाही. पुजाऱ्याच्या बाबतीत तर 'वडील होते म्हणून मुलगा' एवढेच उत्तर बहुधा पुरते. आणि ज्या मानधनाची एवढी चर्चा होते ते रखडल्याच्या बातम्याही भोपाळच्या वृत्तपत्रांना नव्या नाहीत. अर्ध्या पोटी ठेवलेल्या माणसाकडून समाजाला दिशा देण्याची अपेक्षा करणे हा एक प्रकारचा ढोंगीपणाच होय.

मग शासनाने विद्यालय काढावे काय? आमचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे आणि त्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण संविधानाचे. जी शिक्षणसंस्था सर्वस्वी शासनाच्या निधीतून चालते तेथे धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे २८ वे कलम सांगते. जर्मनीत संविधान जे करू देते, तेच आपले संविधान अडविते. संस्कृत, अरबी, फारसी, तत्त्वज्ञान, इतिहास हे सारे विद्यापीठात शिकविता येते. उज्जैनचे महर्षि सांदीपनि वेदविद्या प्रतिष्ठान केंद्राच्या अनुदानावर वेदपठणाची परंपरा जपते, ते विद्येचे जतन म्हणून. पण अमुक देवाची पूजा अशीच करावी, नमाज असाच पढवावा, आणि हेच खरे, बाकी खोटे, हे शासनाच्या पगारी शिक्षकाने शिकविणे ही निराळी गोष्ट झाली. उत्तर प्रदेशातील मदरसा कायद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी कायदा वैध ठरविला, परंतु 'कामिल' आणि 'फाज़िल' या वरच्या पदव्या देण्याचा मंडळाचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. धर्मगुरू घडविणारी पदवी राज्याच्या मंडळाने द्यावी, ही वाट तेथेही बंद झाली.

दुसरे कारण इतिहासाचे. हा प्रयोग या देशात झालेला आहे. वॉरन हेस्टिंग्जने १७८० मध्ये कलकत्त्यास मदरसा काढला, १७९१ मध्ये काशीस संस्कृत पाठशाळा निघाली आणि पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात हिंदू पाठशाळा निघाली. या पाठशाळेला आधार होता तो पेशव्यांच्या श्रावणातील दक्षिणेच्या निधीचा. कंपनी सरकारला कचेरीत मौलवी आणि शास्त्री हवे होते, न्यायाधीशाच्या शेजारी बसून शरियत आणि धर्मशास्त्र सांगण्यासाठी. १८६४ मध्ये ती पदे मोडली आणि सरकारची गरज संपली. पुण्याची पाठशाळा पुणे कॉलेज होऊन शेवटी डेक्कन कॉलेज झाली. भाषाशास्त्राचे मोठे काम तेथे झाले, त्याचा आम्हांस अभिमानच आहे. पण शास्त्री घडविण्याचे मूळ काम मागे पडले ते पडलेच. शासन शिकविते ते शासनाच्या गरजेपुरते. ती गरज बदलली की विद्यालयाचा फलक बदलतो, आणि ज्यांच्यासाठी ते काढले त्यांना कोणी विचारीत नाही.

तिसरे कारण विश्वासाचे. देवबंदचे दारुल उलूम १८६६ मध्ये निघाले तेव्हा त्याच्या संस्थापकांनी ठरविलेल्या तत्त्वांत हेही होते की सरकार आणि श्रीमंत यांच्या कायम उत्पन्नावर विसंबू नये, सामान्यांच्या लहान लहान देणग्यांवर संस्था चालावी. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तीही समाजाच्या आश्रयावर. चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून तेथून बाहेर पडलेले कीर्तनकार गावोगाव गेले. दोन धर्म, दोन प्रांत, पण अनुभव एकच : ज्याला लोकांनी शिकविले त्याचे लोक ऐकतात. उलट भोपाळच्याच इतिहासात पाहा. नवाब शाहजहान बेगम यांचे पती सिद्दीक हसन खान हे अहले हदीस पंथाचे मोठे विद्वान. विद्वत्ता आणि राजसत्ता एका घरात आल्यामुळे त्यांच्या ग्रंथांकडेही राजकारण म्हणूनच पाहिले गेले, आणि इंग्रजांनी १८८५ मध्ये त्यांच्या पदव्या काढून घेतल्या. सत्तेच्या सावलीत वाढलेले धर्मज्ञान सत्तेच्याच वादळात सापडते. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, शिया यांपैकी कोणाचा इस्लाम शासकीय विद्यालयात शिकवावा? शैव, वैष्णव, वारकरी, लिंगायत, आर्यसमाजी यांपैकी कोणाचा हिंदू धर्म? याचे उत्तर मंत्रालयातील अवर सचिवाने द्यावे काय?

तथापि, शासनाने शिकवू नये याचा अर्थ शासनाने डोळे मिटून पैसे मोजावेत असा होत नाही. येथे आमचा दुसऱ्या बाजूच्या आळसाशी वाद आहे. जो पैसे देतो त्याला पात्रता विचारण्याचा अधिकार आहे, नव्हे ते त्याचे कर्तव्य आहे. या बाबतीत मार्ग दाखविला तो मराठी माणसांनीच. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१५ मध्ये हिंदू पुरोहित कायदा करून पुरोहिताने परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे असा नियम घातला. कोल्हापुरात वेदोक्ताच्या वादानंतर राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढून ब्राह्मणेतर पुरोहितांच्या शिक्षणाची सोय केली. आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या, याच प्रदेशातील महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात हा विचार टोकाला नेला : पौरोहित्य वंशपरंपरेने चालू नये, ते परीक्षा आणि शासनाची सनद यांवर चालावे, पुरोहितांची संख्या कायद्याने मर्यादित असावी आणि त्यांना इतर सेवकांप्रमाणे शिस्तीचे नियम लागू व्हावेत. वकिलाला सनद लागते, वैद्याला लागते, मग जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी घरात येणाऱ्यालाच का लागू नये, हा त्यामागील प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

कायद्याची बाजूही याला अनुकूल आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या शेषम्मल प्रकरणात म्हटले की अर्चकाची नेमणूक ही धर्माची नव्हे, व्यवहाराची बाब आहे, म्हणून वंशपरंपरेचा हक्क शासन काढू शकते. २००२ मध्ये आदित्यन प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की विधीचे यथायोग्य शिक्षण घेतलेला ब्राह्मणेतर पुजारी नेमण्यास संविधानाची आडकाठी नाही. पंढरपुरात १९७३ च्या कायद्याने बडवे आणि उत्पात यांचे हक्क संपुष्टात आणले. त्यावरची न्यायालयीन लढाई जानेवारी २०१४ मध्ये संपली. त्याच वर्षी मंदिर समितीने जातीची आणि स्त्री-पुरुषाची अट न ठेवता पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवून मुलाखती घेतल्या. ज्या विठ्ठलाच्या दाराशी दलितांच्या प्रवेशासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, त्याच्याच गाभाऱ्यात हे घडले. तामिळनाडूने तर २००७ मध्ये सर्व जातींच्या तरुणांसाठी अर्चक विद्यालये काढली. दोनशेहून अधिक तरुण तेथे शिकून तयार झाले, पण त्यांतील बहुतेकांना नेमणुकीसाठी २०२१ पर्यंत ताटकळावे लागले आणि तेव्हाही थोड्यांनाच जागा मिळाल्या. जर्मनीतील इमामांची गत आणि मद्रासकडील अर्चकांची गत एकच. नेमणुकीची हमी नसलेले शिक्षण ही तरुणांची फसवणूक आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल : परीक्षा शासनाची आणि अभ्यासक्रम समाजाचा, हे जुळणार कसे? आमच्या मते ते सहज जुळते, जर शासनाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. धर्माची पात्रता कोणती हे त्या त्या संप्रदायाच्या संस्थांनी लिहून, छापून जाहीर करावे. भोपाळमध्ये अशा संस्थांची वाण नाही. विलीनीकरणानंतरच्या काळात मौलाना इमरान खान नदवी यांनी उभे केलेले दारुल उलूम ताजुल मसाजिद येथेच आहे. आणि या शहराची जुनी उंची विसरू नये : शिबली नोमानी यांच्या पैगंबर-चरित्राला सुलतान जहान बेगम यांनी आश्रय दिला, आणि ते पूर्ण करणारे सय्यद सुलेमान नदवी यांना १९४६ मध्ये संस्थानाने काझी म्हणून बोलावून आणले. ज्या गादीवर असा पंडित बसला तेथे 'मानधन मिळते ना, मग कोणीही चालेल' हे धोरण शोभत नाही. शासनाने एवढेच पाहावे की जाहीर केलेली पात्रता प्रत्यक्षात पाळली गेली की नाही, जागा उघडपणे भरली की घरच्या घरी वाटली.

पात्रतेचा दुसरा भाग मात्र निखालस व्यवहाराचा आहे आणि तो सर्वांना समान असावा. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ अन्वये बालविवाह लावणाऱ्यास, मग तो भटजी असो वा काझी, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अक्षय्यतृतीयेला या प्रदेशात एकेका मांडवाखाली किती विवाह लागतात हे आपण सारे जाणतो. त्या मांडवातील पुरोहिताला वधूच्या वयाचा दाखला मागण्याचे भान असले तर एका मुलीचे आयुष्य वाचते. नसले तर तो स्वतः तुरुंगात जातो आणि मुलगीही गमावली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. ती कशी करावी, देवस्थानाचा आणि मशिदीचा हिशेब कसा लिहावा, गर्दीत अपघात झाल्यास काय करावे, संविधानाने नागरिकाला कोणते हक्क दिले, हे सहा महिन्यांत शिकविता येईल. त्यात ना पूजा, ना नमाज. म्हणून तेथे २८ वे कलम आड येत नाही. असा वर्ग विद्यापीठाने चालवावा. त्यात पुजारी, इमाम, ग्रंथी आणि पाद्री एका बाकावर बसावेत, आणि ज्याला शासनाचे मानधन मिळते त्याला तो पूर्ण करणे बंधनकारक असावे. एका बाकावर बसल्याने एकमेकांच्या धर्माविषयीच्या निम्म्या गैरसमजुती न शिकविताच जातील, हा लाभ वेगळाच.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण परक्याच्या अंगणातील केर दाखविणे सोपे असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर आपली कुटुंबे भोपाळला आली. पुढे भेलच्या कारखान्यामुळे पिपलानी, आनंद नगर या बाजूसही मराठी वस्ती वाढली. त्या पिढीबरोबर गुरुजी आले, कीर्तनकार आले. आज आपल्या घरची मुंज ठरली की प्रथम शोध सुरू होतो तो कार्यालयाचा नव्हे, गुरुजींचा. मिळाले तर ते इंदूरहून येणार, आणि मंगलाष्टके मराठीत म्हणणारे असतील तर आपले भाग्य. आपण हळहळतो, 'आता पूर्वीसारखे कोणी राहिले नाही' असे म्हणतो. पण आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलाला, मुलीला सोडाच, हे शिक्षण घेऊ दिले? जे काम आपल्या मुलांसाठी आपण कमी प्रतीचे मानतो ते दुसऱ्याच्या मुलाने अल्प दक्षिणेत उत्तम करावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? इमामाच्या शिक्षणावर मत देण्यापूर्वी हा प्रश्न प्रत्येक मराठी घराने स्वतःला विचारावा.

पुण्यात शंकर सेवा समितीने १९७० च्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्यास आरंभ केला, पुढे ज्ञानप्रबोधिनीने स्त्री-पुरुष दोघांसाठी, जातीचा विचार न करता, अर्थ समजावून सांगणारे संस्कारविधी रुजविले. त्यासाठी त्यांनी कोणत्याही मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविल्या नाहीत. भोपाळच्या मराठी मंडळींकडे सभागृहे आहेत, गणेशोत्सवाची वर्गणी आहे, निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत आणि वेळ तर भरपूर आहे. गणेशोत्सवातील एका दिवसाच्या करमणुकीचा खर्च बाजूला काढला तर दोन विद्यार्थ्यांची वर्षभराची सोय होईल. वर्ग सर्व जातींना आणि स्त्रियांना खुला असावा, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगता आला पाहिजे अशी अट असावी, आणि उत्तीर्ण झालेल्याला आपल्या घरांतून काम आणि योग्य दक्षिणा मिळेल अशी हमी असावी. ही शेवटची अट विसरलो तर आपणही जर्मनीचीच चूक करू.

शासनाकडे आमचे मागणे मोजके आहे. विलीनीकरणाचा शब्द पाळावा आणि मानधन महिन्याच्या महिन्यास द्यावे. इमाम असो वा पुजारी, ज्याला ते देतो त्याची जाहीर पात्रता मागावी, वंश मागू नये. मशिदीचा आणि मंदिराचा हिशेब सारख्याच कसोटीने तपासावा. कायदा आणि व्यवहार यांचे शिक्षण सर्वांना एकत्र द्यावे. धर्म मात्र शिकवू नये, कारण तो शिकविण्याचा अधिकार शासनाला नाही आणि ते शिकविण्याची त्याची योग्यताही नाही. समाजाकडे मागणे त्याहून मोठे आहे : आपला धर्मगुरू आपणच शिकवावा, आपणच पारखावा आणि आपणच पोसावा. भोपाळमध्ये पोसण्याच्या भाराचा काही वाटा इतिहासाने शासनाच्या खांद्यावर दिला आहे. शिकविण्याचा भारही तेथेच टाकून आपण मोकळे झालो, तर उद्या आपल्या देवघरात आणि शेजारच्या मशिदीत उभा राहणारा माणूस आपला राहणार नाही, खात्याचा होईल.